संकेतस्थळावरील संपर्क फॉर्म आणि न पोचणारा ई-मेल : कारणमीमांसा व दोषशोधाची पद्धती

सारांश

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील संपर्क फॉर्म भरल्यानंतर पडद्यावर 'आपला संदेश पाठविला आहे' असे वाक्य उमटते. परंतु प्रत्यक्षात तो संदेश कार्यालयाच्या ई-मेल पेटीत पोचत नाही, असा अनुभव अनेक संस्थांना येतो. हा बिघाड मूक स्वरूपाचा असल्याने तो दीर्घकाळ लक्षात येत नाही. प्रस्तुत लेखात संपर्क फॉर्ममधून निघालेल्या संदेशाचा प्रवास, त्या प्रवासातील टप्पे, प्रत्येक टप्प्यावर संभवणारे दोष आणि ते शोधून काढण्याचा क्रम यांचे विवेचन केले आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या निवारणाशी या प्रश्नाचा असलेला संबंधही स्पष्ट केला आहे. फॉर्ममधील मजकुराची प्रथम नोंद व्हावी आणि ई-मेल ही केवळ सूचना मानावी, असा निष्कर्ष शेवटी मांडला आहे.

बीजशब्द : संपर्क फॉर्म, ई-मेल, सर्व्हर, प्रेषक-प्रमाणीकरण, पोच, तक्रार निवारण.

१. प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या कार्यालयात टपालाने आलेला प्रत्येक कागद प्रथम आवक नोंदवहीत चढतो. त्याला क्रमांक व दिनांक मिळतो आणि मगच तो संबंधित टेबलाकडे जातो. पुढे तो कागद गहाळ झाला तरी तो आला होता, ही गोष्ट नोंदवहीवरून सिद्ध करता येते. अर्जदाराने पोच मागितल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही मिळते. या साध्या व्यवस्थेमागे एक महत्त्वाचे तत्त्व आहे. ते असे की, कागद स्वीकारणे आणि कागदावर कार्यवाही करणे या दोन भिन्न क्रिया असून पहिलीचा पुरावा दुसरीवर अवलंबून ठेवू नये.

संकेतस्थळावरील संपर्क फॉर्म ही त्याच आवक खिडकीची आधुनिक आवृत्ती होय. प्रवेशेच्छू विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी, परगावी स्थायिक झालेले व गुणपत्रकाच्या दुसऱ्या प्रतीसाठी विचारणा करणारे पदवीधर या खिडकीतून महाविद्यालयाशी बोलतात. परंतु बहुसंख्य फॉर्म ज्या पद्धतीने बसविलेले असतात, त्या पद्धतीत आवक नोंदवहीला स्थानच नसते. भरलेला मजकूर ई-मेलमध्ये रूपांतरित होतो आणि पाठविला जातो. तो ई-मेल वाटेत कोठे अडला, तर मजकूर कोठेही शिल्लक राहत नाही.

या बिघाडाचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणालाही चूक दिसत नाही. अर्जदाराला पडद्यावर यशाचा निरोप मिळतो. कार्यालयाला काहीच मिळत नाही. आणि काही न मिळणे ही घटना कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. संकेतस्थळ बंद पडले तर तासाभरात बोभाटा होतो. संपर्क फॉर्म बंद पडला तर 'यंदा चौकशी कमी आली' एवढाच निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता असते.

२. उद्दिष्टे

(१) संपर्क फॉर्ममधून निघालेल्या ई-मेलचा मार्ग व त्यातील टप्पे समजावून देणे.
(२) फॉर्म पूर्वी चालत असताना अकस्मात बंद का पडतो, याची प्रमुख कारणे स्पष्ट करणे.
(३) संगणकतज्ज्ञ नसलेल्या प्राध्यापकांनाही समजेल असा दोषशोधाचा क्रम मांडणे.
(४) पुन्हा असा मूक बिघाड होऊ नये यासाठी संस्थात्मक उपाय सुचविणे.

३. विषयाची मर्यादा

विवेचनाच्या सोयीसाठी एक प्रातिनिधिक रचना गृहीत धरली आहे. ती अशी : संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर उभारलेले आहे, ते अनेक ग्राहकांनी मिळून वापरलेल्या सामायिक सर्व्हरवर ठेवलेले आहे, आणि महाविद्यालयाचे ई-मेल गूगलच्या सेवेकडे आहेत. लहान व मध्यम संस्थांच्या संकेतस्थळांसाठी ही रचना परवडणारी असल्याने ती सर्वत्र आढळते. अन्य रचनांत नावे बदलतात. तत्त्वे मात्र तीच राहतात.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून ई-मेल पाठविण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते तो एसएमटीपी हा संकेत जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २००८ मध्ये निघाली. परंतु मूळ सांगाडा कायम राहिला. हा संकेत तयार झाला तेव्हा जाळ्यावरील संस्था मोजक्या व परस्परांना परिचित होत्या. त्यामुळे पाठविणाऱ्याने आपले जे नाव सांगितले ते खरे मानून चालावे, अशीच त्याची घडण होती. टपालाच्या पाकिटावर मागील बाजूस कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो, तसाच हा प्रकार होता.

या विश्वासाचा पुढे मोठ्या प्रमाणावर गैरफायदा घेतला गेला. त्यावर उपाय म्हणून तीन तपासण्या अस्तित्वात आल्या. पहिली एसपीएफ. आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर ई-मेल पाठवू शकतात, त्यांची यादी डोमेनच्या मालकाने डीएनएस या सार्वजनिक नोंदणीत लावून ठेवायची. हिची सध्याची आवृत्ती एप्रिल २०१४ ची आहे. दुसरी डीकेआयएम. पाठविणारा सर्व्हर ई-मेलवर गणिती स्वाक्षरी करतो आणि ती पडताळण्याची किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. हिचे प्रमाण सप्टेंबर २०११ मध्ये निश्चित झाले. तिसरी डीमार्क, मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. वाचकाला 'प्रेषक' म्हणून दिसणारे डोमेन आणि वरील दोन तपासण्यांत सिद्ध झालेले डोमेन एकच आहे की नाही हे ती पाहते. दोन्ही जुळत नसल्यास ई-मेलचे काय करावे याविषयीची डोमेनच्या मालकाची इच्छाही ती सांगते.

ही पार्श्वभूमी येथे देण्याचे कारण असे की, संपर्क फॉर्मची रूढ पद्धत जुन्या विश्वासाच्या काळातील आहे आणि ई-मेल स्वीकारणारे सर्व्हर मात्र नव्या अविश्वासाच्या काळातील आहेत. 'आम्ही काहीच बदलले नाही, तरी फॉर्म बंद कसा पडला?' या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या विसंगतीत आहे.

५. संदेशाचा प्रवास आणि 'पोच' या शब्दाचे अर्थ

संपर्क फॉर्ममधील संदेश पुढील सहा टप्प्यांतून जातो. (१) अर्जदाराचा ब्राउझर मजकूर संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे पाठवितो. (२) फॉर्म हाताळणारा प्रोग्रॅम मजकूर तपासतो व त्यातून ई-मेल तयार करतो. (३) तो ई-मेल त्याच सर्व्हरवरील टपाल-प्रोग्रॅमच्या स्वाधीन केला जातो. (४) टपाल-प्रोग्रॅम डीएनएसला विचारून ई-मेल कोठे न्यायचा ते ठरवितो आणि स्वीकारणाऱ्या सर्व्हरशी संपर्क साधतो. (५) स्वीकारणारा सर्व्हर तपासण्या करून ई-मेल घेतो, नाकारतो किंवा स्पॅममध्ये टाकतो. (६) कोणीतरी मनुष्य ती पेटी उघडून ई-मेल वाचतो.

यांपैकी प्रत्येक टप्प्यावर एक प्रकारची पोच मिळते. परंतु ती केवळ पुढच्या टप्प्याने माल ताब्यात घेतल्याची पोच असते. संपर्क फॉर्मच्या पडद्यावरील यशाचा निरोप हा बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्याची पोच असतो. पीएचपी भाषेत ई-मेल पाठविण्यासाठी 'मेल' नावाचे फलन आहे. वर्डप्रेस स्वतंत्र योजना केलेली नसल्यास त्याचाच आधार घेते. ते फलन 'यशस्वी' असे उत्तर देते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की, स्थानिक टपाल-प्रोग्रॅमने ई-मेल ठेवून घेतला. पत्र पेटीत टाकले आणि पत्र घरी पोचले यांत जेवढे अंतर आहे तेवढेच येथेही आहे. पडद्यावरील वाक्य मात्र दुसऱ्या अर्थाने लिहिलेले असते व वाचणारा ते दुसऱ्याच अर्थाने घेतो.

ई-मेल परत आला तर त्याची सूचना मिळावयास हवी, अशी शंका येथे घेतली जाईल. ती रास्त आहे. एसएमटीपीच्या नियमांनुसार जो सर्व्हर ई-मेल स्वीकारतो तो पुढे पोचविण्याची किंवा न पोचल्याचे कळविण्याची जबाबदारी घेतो. परंतु ही परतसूचना ई-मेलच्या 'पाकिटावरील' प्रेषकाकडे जाते. संपर्क फॉर्मच्या बाबतीत हा प्रेषक म्हणजे बहुधा सर्व्हरवरील एक तांत्रिक खाते असते. त्या खात्याची पेटी कोणीही उघडत नाही. म्हणजे व्यवस्था चूक सांगत असते. ती ऐकावयास कोणी बसलेले नसते.

६. बिघाडाची प्रमुख कारणे

६.१ प्रेषकाच्या जागी अर्जदाराचा पत्ता

अनेक फॉर्म असे बसविलेले असतात की, कार्यालयाकडे जाणाऱ्या ई-मेलमध्ये प्रेषक म्हणून अर्जदाराचाच पत्ता दिसावा. यामागील हेतू चांगला असतो. लिपिकाने 'उत्तर द्या' म्हटले की उत्तर थेट अर्जदाराकडे जावे, एवढाच तो असतो. परंतु तांत्रिक दृष्टीने हे दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहिणे ठरते. अर्जदाराने याहूचा पत्ता दिला तर महाविद्यालयाचा सर्व्हर आपण याहूकडून बोलत असल्याचा दावा करतो आणि याहूने त्याला तसा अधिकार दिलेला नसतो.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डीमार्क धोरणात असे ई-मेल सरळ नाकारावेत अशी नोंद केली. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. त्यानंतर याहूचा पत्ता देणाऱ्या अर्जदारांचे संदेश नाहीसे होऊ लागले आणि अन्य पत्ते देणाऱ्यांचे येत राहिले. 'काही येतात, काही येत नाहीत' हे लक्षण दिसले की प्रथम या कारणाचा संशय घ्यावा. पुढे गूगल व याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले व फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू होऊ लागले. व्यक्तिगत जीमेल खात्यांवर ई-मेल पाठविणाऱ्या प्रत्येकाने एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक तपासणी उत्तीर्ण केली पाहिजे, असे त्यांत सांगितले आहे. प्रेषकाच्या जागी जीमेलचा पत्ता खोटेपणाने लावू नये, असेही बजावले आहे. ज्या महाविद्यालयांनी कार्यालयीन कामासाठी व्यक्तिगत स्वरूपाचे जीमेल खातेच वापरात ठेवले आहे, त्यांच्या फॉर्मवर या नियमांचा थेट परिणाम होतो.

उपाय सोपा आहे. प्रेषक म्हणून नेहमी महाविद्यालयाच्या स्वतःच्या डोमेनवरील पत्ता असावा आणि अर्जदाराचा पत्ता 'रिप्लाय-टू' या स्वतंत्र रकान्यात घालावा. लिपिकाचे 'उत्तर द्या' तेव्हाही अर्जदाराकडेच जाते.

६.२ संकेतस्थळ एका घरी, ई-मेल दुसऱ्या घरी

हे कारण सर्वांत फसवे आहे. एखाद्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ व ई-मेल प्रारंभी एकाच सर्व्हरवर असतात. काही काळानंतर संस्था आपले ई-मेल गूगलच्या शैक्षणिक सेवेकडे नेते. त्यासाठी डीएनएसमधील एमएक्स ही नोंद बदलली जाते. या डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यावे, हे ती नोंद सांगते. बदल यशस्वी होतो. बाहेरून पाठविलेले सर्व ई-मेल नव्या पेटीत येऊ लागतात. फक्त संपर्क फॉर्मचे ई-मेल येत नाहीत.

याचे कारण जुन्या सर्व्हरला स्थलांतर ठाऊक नसते. त्याच्या लेखी या डोमेनचे टपाल अजूनही आपल्याच घरचे आहे. फॉर्ममधून महाविद्यालयाच्या पत्त्यावर ई-मेल निघाला की तो एमएक्स नोंद पाहतच नाही. तो ई-मेल आपल्याच जुन्या पेटीत टाकतो. गल्लीतील शेजाऱ्याने घर बदलल्याचे न कळलेल्या माणसाने त्याचे पत्र जुन्याच दाराखाली सरकवावे, तसे हे होते. अशा वेळी कित्येक महिन्यांचे संदेश जुन्या पेटीत सुरक्षित पडून असल्याचे आढळते. जुनी पेटी काढून टाकलेली असेल तर मात्र ते परत फिरतात आणि पूर्वी सांगितलेल्या निनावी खात्यात जाऊन पडतात.

या दोषाची ओळख एका प्रयोगाने होते. फॉर्मचा प्राप्तकर्ता म्हणून तात्पुरता बाहेरील एखादा पत्ता द्यावा. तेथे ई-मेल पोचला, पण महाविद्यालयाच्या पत्त्यावर पोचत नाही, आणि बाहेरून थेट पाठविलेला ई-मेल महाविद्यालयाच्या पत्त्यावर व्यवस्थित येतो, असे तिन्ही आढळले तर निदान जवळजवळ निश्चित होते. सर्व्हरच्या नियंत्रण-पटलावर ई-मेल मार्गाची निवड 'स्थानिक' ऐवजी 'दूरस्थ' केली की प्रश्न सुटतो. जुनी पेटी मात्र काढून टाकण्यापूर्वी उघडून पाहावी.

स्थलांतरात आणखी एक चूक होते. गूगलच्या सूचनेप्रमाणे एसपीएफची नवी नोंद केली जाते आणि जुनी नोंद तशीच राहते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी असा नियम आहे; दोन आढळल्यास तपासणी सदोष ठरून दोन्ही निरुपयोगी होतात. दोन्ही सर्व्हरांचा उल्लेख एकाच नोंदीत करणे आवश्यक आहे.

६.३ पासवर्डशी निगडित कारणे

काही संस्था अधिक विश्वसनीय मार्ग म्हणून फॉर्मचे ई-मेल जीमेल खात्यामार्फत पाठवितात. त्यासाठी खात्याचे नाव व पासवर्ड संकेतस्थळाच्या प्रोग्रॅममध्ये नोंदविला जातो. गूगलने ३० मे २०२२ पासून व्यक्तिगत खात्यांसाठी केवळ मूळ पासवर्डवर चालणारा असा प्रवेश बंद केला. आता द्विस्तरीय पडताळणी चालू करून त्या कामापुरता स्वतंत्र 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो किंवा ओऑथ पद्धतीने संमती द्यावी लागते. येथेही एक खाच आहे. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे ॲप पासवर्ड रद्द होतात. नवीन लिपिक रुजू झाला, सुरक्षिततेसाठी त्याने पासवर्ड बदलला आणि त्याच दिवसापासून फॉर्म मुका झाला, अशी साखळी त्यामुळे निर्माण होते. सर्व्हरच्या नोंदीत ५३५ हा क्रमांक दिसल्यास प्रवेश नाकारला गेला आहे असे समजावे.

६.४ फॉर्मच्या पातळीवरील कारणे

काही वेळा ई-मेलपर्यंत गोष्ट जातच नाही. वर्डप्रेसचे फॉर्म सुरक्षिततेसाठी अल्पायुषी चिन्ह वापरू शकतात व त्याची मुदत जास्तीत जास्त २४ तास असते. संकेतस्थळ जलद उघडावे म्हणून पृष्ठाची साठविलेली प्रत अनेक दिवस दाखविली जात असेल, तर शिळे चिन्ह जाते व फॉर्म नाकारला जातो. कॅप्चाच्या किल्ल्या जुन्या डोमेनच्या नावाने असणे, दोन पूरक प्रोग्रॅमांत संघर्ष होणे, सर्व्हरवरील पीएचपीची आवृत्ती बदलल्याने जुना प्रोग्रॅम अडणे, ही कारणेही नित्याची आहेत.

मराठी मजकुराच्या संदर्भात एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. स्पॅम रोखणाऱ्या काही गाळण्यांत अपरिचित लिपीतील मजकुरास संशयास्पद मानण्याची सोय असते. स्पॅमअसॅसिन या प्रचलित गाळणीत कोणत्या भाषा अपेक्षित आहेत हे ठरविता येते. ही सोय इंग्रजीपुरती चालू ठेवली तर मराठीत लिहिलेला संदेश केवळ देवनागरी असल्यामुळे अडण्याचा धोका असतो. म्हणजे इंग्रजीत लिहू शकणाऱ्याचे म्हणणे पोचते आणि ग्रामीण भागातील पालकाचे पोचत नाही. यास्तव चाचणीचा संदेश इंग्रजीतील 'टेस्ट' या एका शब्दाचा नसावा. तो मराठीत आणि चार-पाच वाक्यांचा असावा.

६.५ मानवी कारणे

ई-मेल शेवटच्या पेटीपर्यंत पोचूनही न वाचला जाणे, हाही बिघाडच होय. फॉर्मचा प्राप्तकर्ता निवृत्त झालेला असतो. पेटी भरलेली असते. किंवा ई-मेल स्पॅममध्ये जातो व ३० दिवसांनी जीमेल तो आपोआप पुसून टाकते. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्याकडे ई-मेल आपोआप वळविलेला असल्यास मधला सर्व्हर मूळ यादीत नसल्याने एसपीएफ तपासणी फसते; डीकेआयएम स्वाक्षरी असेल तर ती सहसा टिकते.

७. दोषशोधाचा क्रम

दोषशोधात सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच वेळी अनेक बदल करणे. पूरक प्रोग्रॅम बदलला, पासवर्ड बदलला, डीएनएस बदलले आणि फॉर्म चालू झाला, तर कारण कळत नाही. आणि कारण न कळलेला दोष पुन्हा उद्भवतो. म्हणून प्रवास मधोमध विभागून कोणत्या अर्ध्यात दोष आहे हे आधी ठरवावे. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

पहिली पायरी : ओळखण्याजोगा संदेश पाठविणे. महाविद्यालयाबाहेरील जोडणीवरून, संकेतस्थळावर प्रवेश न केलेल्या स्थितीत फॉर्म भरावा. मजकुरात दिनांक, वेळ व अनुक्रमांक लिहावा. याहू, जीमेल आणि अन्य एक अशा तीन पत्त्यांवरून हीच चाचणी करावी व निकाल कागदावर मांडावा.

दुसरी पायरी : शेवटच्या टोकाकडून पाहणे. स्पॅम, वळविण्याचे नियम व पेटीची मर्यादा तपासावी. गूगलची संस्थात्मक सेवा असल्यास प्रशासकाला ई-मेल-नोंदींचा शोध घेता येतो. ई-मेल गूगलपर्यंत आला होता की नाही, हे तेथे कळते.

तिसरी पायरी : मध्यबिंदू तपासणे. सर्व्हरवरील टपाल-प्रोग्रॅमच्या नोंदींत चाचणीच्या वेळेची नोंद शोधावी. नोंदच नसेल तर दोष फॉर्म, पूरक प्रोग्रॅम किंवा पीएचपी यांत आहे. नोंद असेल तर स्वीकारणाऱ्या सर्व्हरने दिलेले उत्तर वाचावे. सामायिक सर्व्हरवर या नोंदी ग्राहकाला न दिसल्यास सेवादात्याकडे नेमकी वेळ कळवून मागवाव्यात.

चौथी पायरी : उत्तराचा क्रमांक समजून घेणे. २५० म्हणजे स्वीकारले. चारने सुरू होणारे क्रमांक, उदाहरणार्थ ४२१ किंवा ४५०, तात्पुरता नकार सांगतात. पाठविणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो; नियमानुसार हा प्रयत्न चार-पाच दिवस तरी चालू ठेवावा असे अपेक्षित आहे. पाचने सुरू होणारे क्रमांक कायमचा नकार सांगतात. ५५० या क्रमांकापुढील इंग्रजी वाक्य पूर्ण वाचावे. पत्ता अस्तित्वात नाही, प्रमाणीकरण नाही किंवा सर्व्हर काळ्या यादीत आहे, हे त्यातच लिहिलेले असते. सामायिक सर्व्हरवर शेजारच्या ग्राहकाच्या गैरवर्तनामुळे सर्वांचाच पत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी : एकच बदल करून पुन्हा तीच चाचणी घेणे. डीएनएसमधील बदल सर्वत्र पोचण्यास काही तास लागू शकतात. त्यापूर्वी निष्कर्ष काढू नये.

८. विद्यार्थ्यांच्या तक्रारी आणि हा बिघाड

संपर्क फॉर्मचा प्रश्न केवळ तांत्रिक सोयीचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींच्या निवारणासंबंधीचे विनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार प्रत्येक संस्थेने तक्रार दाखल करण्यासाठी ऑनलाइन पोर्टल ठेवणे आवश्यक आहे. पोर्टलवर तक्रार प्राप्त झाल्यापासून १५ दिवसांच्या आत ती अभिप्रायासह विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे पाठवावयाची आहे. समितीच्या निर्णयाने समाधान न झालेल्या विद्यार्थ्यास लोकपालाकडे अपील करता येते.

आता ज्या संस्थेत हे 'पोर्टल' म्हणजे संकेतस्थळावरील ई-मेल पाठविणारा एक फॉर्मच आहे, तेथे काय घडेल? विद्यार्थ्याने तक्रार केली. पडद्यावर यशाचा निरोप आला. ई-मेल पोचला नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने १५ दिवस सुरू झाले. संस्थेच्या दृष्टीने तक्रार अस्तित्वातच नाही. समितीपुढे विषय गेला नाही, म्हणून निर्णय नाही. निर्णय नाही, म्हणून अपील कशाविरुद्ध करावयाचे हा प्रश्न. संस्थेचा हेतू शुद्ध असूनही विद्यार्थ्यासमोरील प्रत्येक दार या एका बिघाडाने बंद होते. शिवाय आपली तक्रार मुद्दाम दाबली गेली, असा त्याचा समज झाला तर तो खोडून काढण्यास संस्थेजवळ पुरावा नसतो. भिडस्त स्वभावाचा विद्यार्थी दुसऱ्यांदा लिहीत नाही. छळाच्या तक्रारीत तर पहिल्यांदा लिहिण्यासच बरेच धैर्य एकवटावे लागलेले असते.

९. उपाययोजना

(१) फॉर्मचा मजकूर प्रथम संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात नोंदविला जावा, त्याला क्रमांक मिळावा आणि मगच ई-मेल निघावा. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा बहुप्रचलित पूरक प्रोग्रॅम स्वतः संदेश साठवीत नाही. त्याच्याच निर्मात्याचा फ्लेमिंगो हा प्रोग्रॅम जोडल्यास ती सोय होते.

(२) पडद्यावरील निरोप खरा असावा. 'आपला संदेश पोचला' ऐवजी 'आपला संदेश क्रमांक अमुक नोंदविला आहे. सात दिवसांत उत्तर न आल्यास या दूरध्वनीवर संपर्क साधावा' असे वाक्य योजावे.

(३) ई-मेल पाठविण्यासाठी प्रमाणीकृत एसएमटीपी सेवा वापरावी. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही नोंदी योग्य असाव्यात. परतसूचना प्रत्यक्षात उघडल्या जाणाऱ्या पेटीत याव्यात.

(४) दर सोमवारी कार्यालयातील एका ठरावीक व्यक्तीने मराठीतून एक चाचणी-संदेश पाठवून त्याची नोंद ठेवावी. आठवड्यातून पाच मिनिटांचे हे काम महिनोन्महिने चालणारा मूक बिघाड सात दिवसांवर आणते.

(५) डोमेन, सर्व्हर व ई-मेल सेवा यांची प्रशासकीय खाती व्यक्तीच्या नव्हे, तर पदाच्या नावे असावीत. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या बाह्य व्यक्तीकडेच सर्व किल्ल्या असणे धोक्याचे आहे.

(६) साठविलेल्या संदेशांत व्यक्तिगत माहिती असते. अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ध्यानात घेऊन ती कोण पाहू शकेल व किती काळ ठेवावी, हे लेखी ठरवावे. तक्रारींचा फॉर्म सर्वसाधारण चौकशीपासून वेगळा असावा.

१०. समारोप

संपर्क फॉर्ममधून ई-मेल न जाण्यास एकच एक कारण नसते. तथापि, प्रवासाचे टप्पे ठाऊक असले आणि कोणत्या टप्प्याने कोणाला पोच दिली हे पाहण्याची सवय असली, तर दोष शोधणे अवघड नाही. त्यासाठी प्रगत संगणकज्ञानापेक्षा शिस्तबद्ध निरीक्षण अधिक लागते आणि ते कोणत्याही विद्याशाखेच्या प्राध्यापकाला अपरिचित नाही.

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मूळ उणीव ई-मेलच्या तंत्रात नसून आवक नोंदवही वगळून खिडकी उघडण्यात आहे. ई-मेल हे सूचना देण्याचे साधन म्हणून उपयुक्त आहे. अभिलेख म्हणून ते अपुरे आहे. कागदाच्या काळात महाविद्यालयांनी जी शिस्त काटेकोरपणे पाळली तीच संकेतस्थळावर आणली, तर फॉर्म अधूनमधून बिघडेल. परंतु त्यामुळे कोणाही विद्यार्थ्याचे म्हणणे नाहीसे होणार नाही.